हूं म्हणणारं माणूस

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची, मधे मधे हूं म्हणायचं. उन्हाळ्याची रात्र, अंगणात बाज टाकलेली, ती सांगत जायची आणि आम्ही पोरं हूं, हूं करत जायचो. कुणाचा डोळा लागला आणि हूं थांबलं की ती पण थांबायची, "निजलाव का रे?" म्हणायची, की परत दचकून सगळ्यांचं एकदम हूं. तेव्हा वाटायचं पोरं जागी आहेत का हे तिला कळावं म्हणून ते लागतं. आता चाळिशीत आल्यावर कळायलंय, समोरून हूं आल्याशिवाय तिलाच पुढचं वाक्य बोलता यायचं नाही.

हे आठवायला कारण आमचा बचत गट, आणि गेल्या काही वर्षांत त्या गटातल्या बोलण्याचं जे काय झालं ते. लिहीन लिहीन म्हणत होते पण टाळत होते, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती मला अजून सलते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. तालुक्याच्या गावी आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांच्या स्कॉलरशिप, दिवसभर मी टाइपच करत असते. त्यामुळं फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर राग धरून मी हे लिहीत नाहीय, माझं पोट त्याच्यावर आहे. आणि लिहिता-वाचता येतं म्हणून गटात सचिव पण मीच. गटात आम्ही बारा जणी. दर गुरुवारी संध्याकाळी अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी टाकून गोल बसायचं, पन्नास पन्नास रुपये बचत जमा करायची, कुणाला कर्ज पाहिजे, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं रजिस्टरला आणि ज्याच्या त्याच्या पासबुकात लिहायचं, आणि मग प्रोसिडिंगवर सह्या नाहीतर अंगठे. गटातलं कर्ज शेकडा दोननं.

गट लहानच ठेवायचा असतो हे आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, दहाच्या खाली नको, वीसच्या वर नको. १९९२ साली नाबार्डनं, म्हणजे शेती आणि गावांसाठीच्या राष्ट्रीय बँकेनं, देशभरात असे ५०० गट बँकांना जोडून बघायचा प्रयोग सुरू केला तेव्हापासून हाच आकडा चालत आलाय. वीसच्या वर गेलं की तेव्हाचा नोंदणीचा कायदा आडवा यायचा हे एक कारण, पण ट्रेनिंगला आलेल्या मॅडमनी दुसरं सांगितलं होतं ते मला जास्त पटलं, की वीसच्या वर बाया गेल्या की कोण गप बसलीय ते दिसत नाही. आणि उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, पंचसूत्रीत बघा, पहिलं सूत्र बचत नाहीय. पहिलं आहे नियमित बैठक, मग बचत, मग कर्ज, परतफेड आणि हिशेब. तेव्हा हा क्रम मी नुसता पाठ केला होता.

बैठक सुरू व्हायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं मला लै आवडतात. बाया येत जातात, रानातून आलेल्या असतात, कुणी हातात वातीचा कापूस घेऊन येतं, कुणी निवडायला तूर घेऊन येतं, आणि खोलीत तीन ठिकाणी तीन गप्पा चालू असतात. दोघी-तिघी दारापाशी, चौघी भिंतीला टेकून, बाकीच्या मधे. चारच्या घोळक्यात पाचवी येऊन बसली की थोड्याच वेळात त्याचे दोन घोळके होतात, हे मी कितीदा बघितलंय. पुढं कुठंतरी वाचलं की रॉबिन डनबार नावाच्या इंग्लंडच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांच्या गप्पा मोजून १९९५ साली हेच लिहून ठेवलंय, की एका गप्पेत साधारण चार माणसं मावतात, त्याच्या वर गेलं की गप्पा फुटतात. म्हणजे बारा जणींची एक गप्पा आपोआप होत नसते, ती करावी लागते. आमच्यात ती आक्का करायची. आक्का म्हणजे गटातली सगळ्यात थोर बाई, सत्तरी ओलांडलेली, अध्यक्ष दुसरीच आहे पण आक्कानं मांडीवर थाप मारून "चला गं माय, मुद्द्यावर या" म्हटलं की तिन्ही घोळके वितळून एक व्हायचे. आणि बैठकीत कुणी बोलत असलं की आक्काचं हूं चालू. हूं. हां. मग? असं का? वाती वळता वळता, बोलणारीकडं न बघता सुद्धा.

मग २०२० चा मार्च आला. २४ तारखेच्या रात्री टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी पाडवा होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार. पहिल्यांदाच गुरुवारची बैठक झाली नाही. दोन गुरुवार असेच गेले. मग मीच व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, गटाचं नाव दिलं, डीपीला रजिस्टरचा फोटो लावला आणि मला वाटलं झालं, बैठक आता फोनवर.

नंबर जोडायला बसले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. बारा जणींपैकी स्वतःचा स्मार्टफोन पाच जणींकडं. चौघींनी नवऱ्याचा नंबर दिला, दोघींनी पोराचा, आणि आक्काकडं बटणाचा फोन, तिनं नातवाचा दिला. म्हणजे ग्रुप बायांचा पण त्यात चार नवरे, दोन पोरं आणि एक नातू. अंगणवाडीच्या खोलीचं दार लावून घेतलं की आत जे बोलणं व्हायचं, नवरा दारूत पैसे घालवायलाय म्हणून हप्ता चुकला, पोरीच्या दवाखान्यासाठी घरात न सांगता दोन हजार पाहिजेत, ते आता कुठं बोलायचं? पहिल्या महिनाभरात ग्रुपवर एकीनंही कर्ज मागितलं नाही. मी तेव्हा समजले की कुणाला गरज नाही. त्या दिवसांत गरज नाही असं कोणतं घर होतं! पण मागणी फोनमध्ये दिसत नव्हती म्हणून मी ती नाहीच असं धरून चालले.

दुसरं म्हणजे घोळके. ग्रुपवर सगळ्यांचं बोलणं एकाखाली एक पडत जातं. एकीनं हप्त्याचं विचारलेलं असतं, त्याच्याखाली दुसरीचं गुड मॉर्निंगचं फूल, त्याच्याखाली कुणाच्या नवऱ्यानं चुकून पाठवलेला सोयाबीनच्या भावाचा मेसेज, आणि मग चार तासांनी हप्त्याचं उत्तर, तोवर ते कशाचं उत्तर आहे हेच कळायचं नाही. खोलीत तीन गप्पा वेगळ्या चालायच्या आणि एका थापेला एक व्हायच्या. इथं तीनही गप्पा एकातच गुंतलेल्या आणि थाप मारायला आक्का नाही. कारण नातू रात्री घरी आल्यावर तिला वाचून दाखवणार, तोवर सगळं होऊन गेलेलं.

व्हिडिओ कॉल पण करून बघितला, एप्रिलमधल्या एका रविवारी. सात जणी आल्या. अर्धा वेळ "आवाज यायलाय का" यातच गेला, एकाच घरात दोन फोन होते त्यांची शिट्टी वाजायली, कुणाच्या मागं टीव्ही, कुणाची म्हैस. मग मी सगळ्यांना म्यूट केलं. आणि खरं सांगते, त्याच्यानंतर जे झालं त्यानं माझ्या पोटात कसंतरी झालं. मी हिशेब वाचायला लागले आणि समोर सहा चौकोन, सगळे गप. ना हूं, ना हां, ना मधेच कुणाचं हसू. दोन मिनिटांत माझा आवाज खोल गेला, शब्द सापडेनात, मी रजिस्टरमधलं वाचून टाकलं आणि संपवलं. बोलणारीला बोलायला लावणारं जे काही असतं ते मीच बटण दाबून बंद केलं होतं.

पुढं याच्यावर वाचत गेले तेव्हा एक गोष्ट लै विचार करायला लावणारी सापडली. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधलं बोलणं अभ्यासून २००९ साली एक संशोधन छापून आलं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मधे किती वेळ जातो, ते मोजलं होतं. भाषेभाषेत फरक निघाला पण थोडाच, आणि सरासरी निघाली सेकंदाचा पाचवा हिस्सा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार ते ओळखून तयार असतो. आता आमच्या गावातलं नेटवर्क धरा, मधे अर्धा सेकंद नाहीतर सेकंद गेला की दोघी एकदम बोलायला लागतात, मग दोघी एकदम थांबतात, "तू बोल, नाही नाही तूच बोल", आणि त्यात जे बोलायचं होतं त्याचा जीव जातो. आमच्यात काही बिघडलं म्हणून हे होत नव्हतं, तेवढा अर्धा सेकंदच आडवा येत होता.

आणि आक्का. नातवानं तिच्यापुढं फोन धरला होता, आणि कॉलभर ती स्वतःच्याच चौकोनाकडं बघत पदर सारखा करत होती. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन नावाच्या प्राध्यापकांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलनं माणूस का थकतो त्याची चार कारणं लिहिली, त्यातलं एक हेच आहे, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं. सत्तर वर्षं जी बाई दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलली तिला आम्ही तिचंच तोंड दाखवत बसवलं. पुढच्या वेळी नातवानं फोन दिला तर ती म्हणाली म्हणे, मला नको, माझं बचतीचं पाकीट तेवढं पोचव.

तिचं पासबुक लिहायला मी एकदा तिच्या दारात गेले, मी बाहेर, ती उंबऱ्यात. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. आक्काचं माहेर भूकंपातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले, आणि किल्लारीच्या पट्ट्यातली दगडमातीची घरं माणसांवर पडली. पुढं बावन्न गावं उठवून नव्या जागेवर वसवली. आक्का म्हणाली, "घरं चांगली दिली गं, पक्की दिली, लोकांनी लै केलं आमच्यासाठी. पर जुन्या गावात भितीला भीत चिकटून होती. भाकरी थापता थापता पलीकडची काय म्हणायली ते ऐकू यायचं. नव्या गावात ह्यो रुंद रस्ता, हे घर हितं अन् ते घर तितं. माझी माय म्हणायची, इतकं माणूस गेलं त्याचं रडू कुणाच्या गळ्यात पडून रडावं, जायचं म्हणलं तर रस्ता वलांडून जावं लागतंय." मग जरा थांबून म्हणाली, "तुझा फोन तसाच वाटायलाय मला. पक्काय. पर रस्ता रुंदाय."

त्या नव्या गावांमधून मी फिरलेय. सरळ रेषेतल्या गल्ल्या, समान अंतरावर घरं, कागदावर छान दिसणारं. तिथं पुढं लोकांनी घरापुढं ओटे बांधले, पत्रे टाकले, छपरं काढली, हळूहळू सरकत सरकत एकमेकांच्या जवळ आले. जागा मिळाली की माणसं बोलायची सोय करून घेतातच, पण त्याला वर्षं लागतात. आम्हाला मार्च ते जून एवढ्यातच सगळं बसवायचं होतं.

आता माझी चूक.

गटातली एक मामी. नात्यातली नाही, गावकीतली मामी. तिचा नवरा तुळजापूर रस्त्यावर जीप चालवायचा, सगळा धंदा देवीला जाणाऱ्या लोकांवर. मंदिर मार्चमध्ये बंद झालं ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद. मामीवर गटाचं कर्ज होतं. मे महिन्यात ग्रुपवर तिच्या पोराच्या नंबरवरून मेसेज आला, की आईचा हप्ता दोन महिने थांबवता येईल का. मी दुकानात होते, समोर दोन माणसं उभी, मी वाचलं आणि लगेच लिहिलं, "बरं."

माझ्या मनात त्या बरंचा अर्थ असा होता की अगं होय, हे काय विचारायचं झालं, दोन काय चार महिने थांबव. बँकांच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी मार्चपासून ऑगस्टपर्यंत सवलत दिली होती, मग आमच्या घरच्या गटानं का देऊ नये, हे माझ्या मनात पक्कं होतं. लिहिलं मात्र एवढंच. बरं, आणि पुढं टिंब.

आपल्या भाषेत हा शब्द किती तऱ्हेनं बोलतात बघा. पोरगं म्हणालं मी खेळायला जातो, तर आई म्हणते बरं, त्यात जा पण लवकर ये असतं. नवरा म्हणाला आज उशीर होईल, तर बरंऽऽ, त्यात सगळं आलं. दुखणाईताला बरं? असं वर नेऊन विचारलं की त्यात काळजी. बरं बरं म्हणजे पुरे आता. बरं का म्हणजे इकडं लक्ष दे. आणि दात ओठ खाऊन म्हटलेलं बरं, म्हणजे बघून घेते तुला. शब्द एकच, सगळा अर्थ आवाजात. मी आवाज काढून टाकला आणि नुसता शब्द पाठवला. मामीला वाचता येत नाही. पोरानं वाचून दाखवलं, सतरा-अठरा वर्षांचं पोर, घरात पैशाची कटकट चालू, त्यानं त्याच्या आवाजात वाचलं, "बरं म्हणल्यात." आणि माझ्या तोंडी त्याचा आवाज बसला.

अमेरिकेत २००५ साली एक प्रयोग छापून आला होता, लोकांना काही वाक्यं ईमेलनं पाठवायला दिली, काही मनापासूनची, काही टोमण्याची. पाठवणाऱ्यांना वाटलं समोरच्याला शंभरात ७८ वेळा बरोबर कळेल. कळलं ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं. लिहिताना आपल्याला आपला आवाज आतून ऐकू येत असतो आणि वाटतं तो अक्षरांबरोबर गेला. दिवसातून शंभरदा फॉर्म भरणारी मी, एक आकडा चुकला तर फॉर्म परत येतो हे दुसऱ्याला शिकवणारी, मला हे कळायला पाहिजे होतं.

आणि त्याच्यावर कुणी काहीच बोललं नाही. मेसेजवर निळ्या टिक आल्या, सगळ्यांनी वाचलं. खोलीत असते तर माझं बरं ऐकून मामीचं तोंड उतरलेलं पाच जणींना दिसलं असतं, आक्का म्हणाली असती "अगं नीट सांग की तिला", मी म्हणाले असते अगं मामी राहू दे ना, आणि ती गोष्ट तिथंच मिटली असती, अर्ध्या मिनिटाच्या आत. फोनवर मामी गप बसली आणि तिचं गप बसणं इतर दहा जणींच्या गप बसण्यासारखंच दिसत होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या पोरानं हप्ता आणून दिला, जुलैचा पण दिला. मी रजिस्टरला जमा लिहिला. मला वाटलं जीप चालू झाली असेल.

पण या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की जिच्यामुळं मला फोनला सरसकट वाईट म्हणता येत नाही, आणि म्हणायचं पण नाहीय.

गटात एक धाकटी सून आहे. सासू थकली म्हणून तिच्या जागी ही आली, वय तेवीस-चोवीस, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायली. बैठकीत तिची चुलत सासू समोर बसलेली असते. दीड वर्षात या पोरीनं बैठकीत "हजर" सोडून दुसरा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. डोक्यावर पदर, नजर सतरंजीवर, सही सुंदर करायची आणि जायची. अभ्यासासाठी म्हणून तिच्याकडं स्वतःचा फोन होता. एका रात्री साडेअकराला ग्रुपवर तिची व्हॉइस नोट आली. हळू आवाजात, बहुतेक पांघरुणात तोंड घालून बोलत असावी. म्हणाली, ग्रामपंचायतीला मास्क लागणारेत, आपल्यात तिघींकडं शिलाई मशीन आहे, कापड उधारीवर मिळेल, एका मास्कला एवढा एवढा खर्च येईल, आपण विचारून बघावं का. सव्वादोन मिनिटं. सगळा हिशेब तोंडपाठ. मी ती नोट तीनदा ऐकली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, एवढे दिवस मांडीला मांडी लावून बसून.

राज्यात त्या वर्षी कितीतरी बचत गटांनी मास्क शिवले, आम्ही पण शिवले, त्यातून तिघींच्या घरी दोन महिने पीठमीठ झालं. त्या पोरीच्या एका नोटवर.

२०२२ साली नेचरमध्ये एक अभ्यास आला होता, भारतासकट पाच देशांतल्या इंजिनिअर लोकांच्या जोड्या, काही समोरासमोर, काही व्हिडिओवर, नवीन कल्पना काढायला बसवलेल्या. समोरासमोरच्यांना जास्त सुचल्या. सुचलेल्यातली चांगली कोणती हे निवडायला मात्र व्हिडिओवाले मागं पडले नाहीत. हे मला पटतं, आमच्या शेवयाच्या मशीनची कल्पना अशीच खोलीत वाती वळता वळता निघाली होती, कुणाची म्हणून सांगता येणार नाही अशी, एकीनं अर्धं म्हटलं, दुसरीनं पुढं नेलं. आणि तारीख, वेळ, कोणती कंपनी घ्यायची, असलं ठरवायला ग्रुप बरा पडतो, कुणाला पायपीट नको. पण त्या जोड्यांमध्ये कुणाची चुलत सासू बसलेली नव्हती. समोरासमोर बसल्यावर सुचतं, हे खरं त्यालाच जो समोर बसून तोंड उघडू शकतो.

सतरंजीला कड असते हे पण सांगितलं पाहिजे. गोल बसतो म्हणतो आम्ही, पण दोघी जणी वर्षानुवर्षं दाराजवळच्या कडेला बसतात. कुणी बसा म्हणून सांगत नाही, कुणी जातीचं नाव काढत नाही, फक्त जागा ठरलेल्या असतात. ग्रुपवर कड नव्हती. त्यातल्या एकीचा मेसेज अध्यक्षबाईच्या मेसेजच्या बरोबर खाली, त्याच अक्षरात, त्याच रंगात यायचा. ती ग्रुपवर जेवढं बोलली तेवढं खोलीत बोलली नव्हती. माझ्या आवडत्या त्या खोलीबद्दल लिहिताना हे वगळलं तर ते खोटं होईल. परत बैठक सुरू झाली तेव्हा मी सतरंजी आडवी टाकायला लागले, दार तिच्या लांब बाजूला येईल अशी. कडेच्या दोघींतली एक मधे आली. दुसरी अजून दारापाशीच बसते.

२०२१ च्या जानेवारीत येळवस आली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगते, मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला पण हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणी कुणाच्या रानात जावं, विचारायचं नसतं. मी मामीच्या रानात गेले. दहा महिन्यांनी तिला नीट बघत होते. तिनं बस म्हटलं, द्रोणात भज्जी वाढली, लोटक्यातून आंबील दिली. हसली पण डोळ्यांनी नाही.

बांधाला बाभळीखाली खुंटी होती, तिला दावं गुंडाळून ठेवलेलं. मामीची शेळी तिथंच असायची, काळी, एका कानाला पांढरी, मामी तिला भाकरीचा पहिला तुकडा द्यायची. मी सहज विचारलं, "शेळी कुठं गेली मामी?"

मामीनं वाढपाचा चमचा खाली ठेवला. म्हणाली, "इकली की. जूनमदी. तू बरं म्हणलीस ना."

मला काहीच कळेना. मग तिनं सांगितलं. पोरानं वाचून दाखवलं ते, तिला वाटलं ताई तुटक बोलली, चारचौघींत हप्ता चुकवणारी म्हणून नाव होणार, दुसऱ्याच आठवड्यात शेळी व्यापाऱ्याला दिली, बाजार बंद म्हणून मिळेल त्या भावात. दोन हप्ते त्यातनं भरले. मी रजिस्टरला जमा लिहिले तेच. मी तिथं बसून काय काय बोलले मला आठवत नाही, तिचा हात धरला होता एवढं आठवतं, आणि ती म्हणत होती, "जाऊ दे, आता काय. तू असं म्हणायली नव्हतीस हे मला आता तुझ्या तोंडाकडं बघून कळायलंय."

गटानं नंतर तिला शेळीसाठी बिनव्याजी कर्ज द्यायचा ठराव केला. तिनं नको म्हटलं. ते दावं तिनं अजून ठेवलंय.

आता बैठक परत गुरुवारी, अंगणवाडीच्या खोलीत. ग्रुप पण चालू आहे, निरोपाला. पैशाचं काही ग्रुपवर आलं तर मी उत्तर टाइप करत नाही, फोन लावते आणि मेसेज पोराच्या नंबरवरून आला असला तरी आईला द्या म्हणते. दुकानात गर्दी असली तरी. पलीकडून हूं ऐकू आल्याशिवाय ठेवत नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या सुनेनं बैठकीच्या आदल्या रात्री मला एकटीला व्हॉइस नोट पाठवली. खाली लिहिलं होतं, ताई, उद्या ही सगळ्यांपुढं लावता का, मला तिथं बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला, आवाज फुल केला आणि लावली. ती माझ्या शेजारी बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून, बोटानं सतरंजीचा धागा ओढत. फोनमधून तिचा आवाज यायलेला, की ताई एवढी वर्षं सचिव आहेत, त्यांना दुकान असतं, पुढच्या वर्षापासून रजिस्टर मला लिहायचंय, मला येतं. चुलत सासूनं वाती वळायच्या थांबवल्या. सगळ्या फोनकडं बघत होत्या.

नोट संपली. खोली गप. आक्का फोनकडं बघत नव्हती. तिनं मान वळवून त्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, "हूं. मग?"